गल्लीचं मदत मंडळ कसं उभं करायचं: कोल्हापूरच्या पेठांसाठी सविस्तर मार्गदर्शक

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये तिनं ५६ फूट ओलांडले. दोन्ही वेळा तालमींची, तरुण मंडळांची पोरं गळ्याएवढ्या पाण्यात उतरली. कुणी ट्रॅक्टर-ट्रॉली काढली, कुणी मंगल कार्यालयात चुली मांडल्या, बायकांनी पहाटेपासून भाकरी थापल्या. कोल्हापूरकराला मदतीला बोलवावं लागत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

पण पाणी ओसरलं, रस्ते धुऊन झाले की सगळे आपापल्या कामाला लागतात. त्याच गल्लीत नवरा गेल्यावर चार घरची धुणीभांडी करणारी बाई असते, बीपीची गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेणारे आजोबा असतात, अपघातानं सहा महिने अंथरुणाला खिळलेला रिक्षावाला असतो. त्यांचा पूर बारमाही असतो. माझं म्हणणं एवढंच, की पुरात धावणारी हीच माणसं त्यांच्यासाठी वर्षभर उभी राहू शकतात. त्याला जोश पुरत नाही, त्याला यादी लागते, हिशेबाची वही लागते आणि वार ठरवून बसणारी माणसं लागतात. ते सगळं कसं जुळवायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी हद्द ठरवा

सुरुवातीलाच अख्खी शिवाजी पेठ किंवा अख्खी राजारामपुरी अंगावर घेऊ नका. शंभर ते दीडशे घरं घ्या, म्हणजे एक मोठी गल्ली किंवा दोन लहान बोळ. कार्यकर्ता दहा मिनिटांत चालत कुठल्याही घरी पोचला पाहिजे आणि दारातल्या माणसाला त्यानं नावानं हाक मारली पाहिजे. महापालिकेच्या प्रभागाची हद्द इथं उपयोगाची नाही, ती मतांसाठी आखलेली असते. शेजारची गल्ली मदत मागायला आली, तर त्यांचं वेगळं मंडळ उभं करायला हात द्या.

नवी संस्था काढायची घाई नको. तुमच्या भागात तालीम असेल, महिला बचत गट असेल, भिशी असेल, भजनी मंडळ असेल, मशिदीची किंवा चर्चची समिती असेल. तालमीकडं जागा आणि हात असतात, बचत गटाकडं माहिती असते. कुठल्या घरात चूल पेटलेली नाही, हे बायकांना आधी कळतं. आणि एकट्या बाईच्या दारात चार तरुण जाऊन उभे राहिले तर ते दार उघडत नाही. म्हणून समितीत निम्म्या बायका असू द्या, नुसत्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमापुरत्या नव्हे, पैशाच्या निर्णयात. सात ते नऊ जणांची समिती पुरते. त्यात बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेलं एक माणूस हिशेबाला घ्या. आणि एक भाडेकरू आवर्जून घ्या. आपल्याकडं गणपतीची वर्गणी घरमालकाकडून गोळा होते, त्यामुळं मागच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं वर्गणीच्या वहीत नसतात. वहीत नसतात म्हणून ती कुणाच्या लक्षातही नसतात. गरज बहुतेक वेळा त्याच खोल्यांत असते.

जातीचा आणि धर्माचा प्रश्न पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलून घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा वसतिगृह सुरू केलं आणि पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांच्या बोर्डिंगांना आधार दिला. दरबारानं जागा आणि पैशाचं पाठबळ दिलं, चालवायची जबाबदारी त्या त्या समाजातल्या माणसांनी उचलली. दसरा चौकातून जाताना त्या इमारती आजही दिसतात. त्या काळी शिक्षणासाठी समाजवार सोय करणं गरजेचं होतं. आपली गल्ली मात्र मिश्र आहे, म्हणून समितीही मिश्रच हवी.

घरोघरी यादी: हे काम घाईनं उरकू नका

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. दोघादोघांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक बाई असू दे, आणि जोडीला वीसच घरं द्या. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ बरी. कामावरची माणसं परतलेली असतात, जेवणं व्हायची असतात.

दारात जाऊन “मदत पाहिजे का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, “नको, आमचं बरं चाललंय.” कोल्हापूरचा माणूस उपाशी राहील, पण दारातल्या चौघांसमोर तसं बोलणार नाही. म्हणून प्रश्न रोजच्या जगण्यातले विचारा. “मावशी, गोळ्या कुठनं आणता? मोठा पाऊस लागला की कोण आणून देतं?” “आण्णा, रात्री अचानक छातीत दुखायला लागलं तर पहिला फोन कुणाला करता?” “रेशन वेळेवर मिळतंय का? अंगठा लागतोय का मशीनवर?” या शेवटच्या प्रश्नावर बोलायला सगळ्यांकडं काहीतरी असतंच. कष्टानं बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही, आणि म्हातारं माणूस रेशन दुकानाच्या चकरा मारत बसतं.

मग दुसरा प्रश्न, आणि तो प्रत्येक घरी विचारायचाच: “तुम्हाला काय येतं?” कुणी वायरमन असतो, कुणी निवृत्त नर्स, कुणी शिवणकाम करतं, कुणाचा टेम्पो असतो, कॉलेजच्या मुलीला ऑनलाइन अर्ज भरता येतात. ज्या मावशींना आपण महिन्याचं धान्य देणार, त्याच मावशी शेजारच्या बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घालतील. नुसतं घेणारं माणूस दबून जातं आणि काही महिन्यांनी तुम्हाला टाळायला लागतं. हातून काहीतरी देणारं माणूस ताठ राहतं. म्हणून एकाच पानावर डाव्या बाजूला गरज आणि उजव्या बाजूला कसब लिहा.

वहीत घरातल्या माणसांची नावं, वयं, फोन, बाहेरगावच्या जवळच्या नातेवाइकाचा फोन, रेशनकार्डाचा रंग, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, गरोदर बाई आहे का, रोजचं औषध कोणतं, घर तळमजल्यावर की वर, एवढं असू दे. जनावर आहे का, हेही लिहा. पेठांतून आणि नदीकडच्या वस्त्यांत अजून म्हशी आहेत, आणि दावणीला म्हैस सोडून गवळी घराबाहेर पडत नाही. पुरात माणसं हलवायची तर आधी म्हशीची सोय करावी लागते.

ही वही जपा. ती दोघांकडंच राहील, तिचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, कुणाच्या आधारकार्डाची झेरॉक्स मंडळाच्या कपाटात पडून राहणार नाही. कुणाला टीबी आहे, कुणाची सून माहेरी गेली आहे, हे गल्लीभर झालं तर त्या घराचं दार कायमचं बंद होईल, आणि ते बरोबरच असेल.

पैसा आणि वही

दरमहा घरटी पन्नास रुपये. शंभर घरांनी दिले तर महिन्याला पाच हजार. ही रक्कम छोटी वाटेल, पण ती नियमित आली तर दोन-तीन घरांचा महिन्याचा किराणा, औषधं आणि रिक्षाभाडं त्यातून निघतं. वर्षातून एकदा मोठी देणगी मिळवण्यापेक्षा मला ही पन्नास रुपयांची वर्गणी जास्त मोलाची वाटते, कारण ती देणारं घर हिशेब विचारतं. ज्याची ऐपत नाही त्याच्याकडून दहा घ्या, पण घ्या. गणेशोत्सवाच्या आणि शिवजयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा या कामाला बाजूला काढायचा ठराव मंडळाच्या बैठकीत करून ठेवा. आयत्या वेळी मांडवाचा आणि मिरवणुकीचा खर्च निघाला की काही उरत नाही.

पैसे कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नका, कितीही विश्वासू माणूस असला तरी. पोराच्या मोबाइलचा क्यूआर कोड चिकटवून गोळा केलेल्या पैशानं चांगली मंडळं फुटतात. तुमच्या तालमीची नोंदणी असेल तर तिच्याच खात्यातून काम करा, दोन सह्यांनी. नोंदणी नसेल आणि काम वाढणार असेल तर करून घ्या. किमान सात जण मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो. एखाद्या प्रसंगापुरती लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर याच १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ही वाट ओळखीची आहे. परदेशातल्या ओळखीच्यानं पैसे पाठवायची तयारी दाखवली तर आधी सीएला विचारा. त्या पैशाला केंद्राचा वेगळा कायदा लागतो आणि त्यात चूक परवडत नाही.

हिशेबाच्या वहीत तारीख, कुणाकडून आले, कशावर गेले, पावती क्रमांक, शिल्लक. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्चाचा कागद तालमीच्या फलकावर लावा. खर्चाच्या बाजूला “किराणा, दोन घरं” एवढंच लिहा, नावं नकोत.

उसने पैसे द्यायचे का, हा वाद प्रत्येक मंडळात होतो. माझं स्पष्ट मत, देऊ नयेत. उसने दिले की वसुली आली, आणि वसुली आली की ते घर रस्ता बदलून जायला लागतं. जे परत येणार नाही असं मनात धरून देता येईल तेवढंच द्या. कर्जाची गरज असेल तर त्या बाईला बचत गटात बसवा, तिथं त्याची शिस्त आणि नियम दोन्ही आहेत.

कट्ट्याचा वार

आठवड्यातून एक वार, एक तास, एकच जागा. शनिवारी संध्याकाळी सात ते आठ, तालमीचा कट्टा किंवा देवळाचा सभामंडप. समितीतले दोघे तिथं बसणार म्हणजे बसणार, मग सामना असो की पाऊस. एका ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय त्या दोघांनी तिथल्या तिथं घ्यावा, दीड हजार म्हणा, त्याहून मोठी मागणी समितीपुढं ठेवावी आणि तीन दिवसांत हो की नाही ते कळवावं. नाही म्हणायची वेळ आली तर घरी जाऊन सांगा. माणूस वाट बघत राहतो आणि आपण गप्प राहतो, हे फार वाईट.

पहिले काही शनिवार कुणी येणार नाही. तरी बसा.

कागदपत्रं: सर्वांत मोठी मदत

पाच हजारांच्या वर्गणीतून तुम्ही जेवढं देऊ शकता, त्याच्या कितीतरी पट सरकारकडून त्या घराचं हक्काचं येणं असतं, आणि ते एका दाखल्यासाठी अडलेलं असतं. म्हणून अर्ज भरणारी दोन पोरं-पोरी तयार करा. तहसील कार्यालय, तलाठी आणि सेतू केंद्र यांच्या वेळा त्यांना पाठ पाहिजेत.

विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी अशा ६५ वर्षांखालच्या निराधार माणसांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना. दरमहा १,५०० रुपये खात्यावर येतात, दिव्यांगांना त्याहून जास्त. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, विधवेच्या बाबतीत पतीचा मृत्यू दाखला, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं एवढं लागतं. दिव्यांग सोडून इतरांना उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये इतकी कमी आहे, त्यामुळं दाखल्यावरचा आकडा अर्ज करण्याआधी नीट बघून घ्या. पेन्शन मंजूर झाली म्हणजे काम संपलं असं नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे थांबतात, आणि आजीला वाटतं सरकारनं बंद केलं. मंडळाच्या वहीत प्रत्येक लाभार्थ्याची ही तारीख लिहून ठेवा आणि महिनाभर आधी त्यांच्या दारात जा.

दवाखान्याचं सांगायचं तर पहिल्यांदा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०२४ पासून ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. लोक काय करतात, तर आधी खासगीत भरती होतात, दागिने मोडून अनामत भरतात आणि नंतर योजना बसते का ते विचारतात. क्रम उलटा हवा. भरती होतानाच रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला भेटायचं, हा आजार आणि हा दवाखाना योजनेत बसतो का ते विचारायचं, बसत नसेल तर बसणारा दवाखाना विचारायचा. गल्लीतल्या प्रत्येक घरात हे एवढं एक वाक्य पोचलं तरी एखाद्या कुटुंबाचं घर गहाण पडायचं वाचेल.

धर्मादाय दवाखान्यांबद्दलही फार थोड्यांना माहीत असतं. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१कक खाली येणाऱ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवून लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. “खाट शिल्लक नाही” असं तोंडी उत्तर आलं तर ते कागदावर मागा, आणि गरज पडल्यास धर्मादाय कार्यालयात जा. आवाज न चढवता, पण मागे न हटता बोलणारी एखादी बाई या कामाला असेल तर निम्मं काम झालं.

कोर्टकचेरीचं प्रकरण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१००.

वस्तूंची पेढी

ही गोष्ट कमी पैशात होते आणि पहिल्या महिन्यापासून उपयोगाला येते. वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, एअर बेड, नेब्युलायझर, डोक्याकडची बाजू वर उचलता येणारी दवाखान्याची खाट (फाउलर कॉट). ज्या घरात आजारी माणूस होतं आणि आता नाही, त्या घरात यातलं काहीतरी माळ्यावर पडलेलं असतं. ते ठेवून घ्यायला जीव नको म्हणतो आणि टाकवतही नाही. विचारलं तर बहुतेक जण खुशीनं देतात.

प्रत्येक वस्तूला ऑइलपेंटनं क्रमांक टाका. एका वहीत क्रमांक, कुणी दिली, कुठल्या तारखेला कुणाकडं गेली, कधी परत आली, कुठल्या अवस्थेत. अनामत छोटी ठेवा, शंभर-दोनशे, ज्याला जमत नाही त्याला माफ. वस्तू परत आली की ती आधी साबणाच्या पाण्यानं, मग जंतुनाशकानं पुसून उन्हात ठेवायची, वॉकरच्या पायांचे रबरी बूट तपासायचे. हे रबर झिजलेलं असलं की वॉकर ओल्या फरशीवर सटकतो आणि आधीच मोडलेलं खुब्याचं हाड पुन्हा मोडतं. चार बूट औषधाच्या किंवा सर्जिकल दुकानात स्वस्तात मिळतात, दोन जोड्या कायम कपाटात ठेवा. एअर बेडचा पंप वस्तू देताना चालू करून दाखवा, आणि लाइट गेली तर काय करायचं तेही सांगा: हवा हळूहळू उतरते, तेव्हा दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची.

व्हीलचेअर एक महिन्यानं परत मागायला जायचं नाही. फोन करून “पेशंट कसा आहे?” एवढं विचारायचं. त्यातून पुढची गरज कळते.

रक्त

शिवजयंतीला एकाच दिवशी सगळ्या मंडळांनी शिबिरं घेतली की रक्तपेढ्या भरून वाहतात आणि मे महिन्यात सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, दारात नातेवाईक रक्तासाठी वणवण करतात. रक्तातल्या तांबड्या पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, बाईला चार महिन्यांचं. म्हणून मोठ्या शिबिरापेक्षा दात्यांची यादी करा, रक्तगट आणि शेवटच्या दानाची तारीख लिहा, आणि रक्तपेढीला विचारून टंचाईच्या महिन्यांत पाच-पाच जण पाठवा. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, एवढं बघा.

सीपीआरचा विषय निघालाच आहे तर, तिथं शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड आणि थेट कोकणातून पेशंट येतात. सोबतची माणसं व्हरांड्यात झोपतात. तिथं आधीच डबे देणारी मंडळी आहेत, तुम्ही वेगळी गाडी लावण्याआधी त्यांना विचारा की कुठला वार मोकळा आहे.

पुराची तयारी, जूनच्या आधी

इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण घाईत केलेली मदत वाया जाते.

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. पण बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या दारात पाणी येतं, हे प्रत्येक घराला वेगळं असतं. मे महिन्यात जुन्या माणसांना घेऊन गल्लीतून फिरा. २०१९ आणि २०२१ ची पाण्याची रेघ बऱ्याच भिंतींवर अजून दिसते. प्रत्येक घराच्या नावापुढं लिहा: इतक्या फुटांना उंबऱ्याला पाणी. सुतारवाडा, जामदार क्लबचा परिसर अशा भागांत ते आधी येतं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडं जयंती नाल्याच्या फुगवट्यानं येतं. ही यादी हातात असली की कुठल्या आकड्याला कुणाला हलवायचं हे रात्री दोन वाजता वाद न घालता ठरतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, तेव्हा त्या बातमीवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा.

अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतिणी, डायलिसिसचे पेशंट यांना इशारा पातळीलाच हलवा. गुडघाभर पाणी आल्यावर खाट उचलून नेणं चौघांनाही जड जातं. पहिली सोय नातेवाइकांकडं, ते नसतील तर निवारा केंद्र. सुतारवाड्याची माणसं चित्रदुर्ग मठात जातात. तुमच्या गल्लीचं केंद्र कुठलं ते महापालिकेकडून आधीच विचारून घ्या. प्रत्येक घरानं कागदपत्रं, औषधाची चिठ्ठी, आठ दिवसांच्या गोळ्या आणि चार्जर जाड प्लॅस्टिकच्या एका पिशवीत बांधून ठेवावं. घर सोडताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद.

पाण्यात उतरायची पाळी आली तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर फोन करा आणि बोटीची वाट बघा. गावाकडं काहिलीतून, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतून, माणसं काढायची जुनी रीत आहे. धाडस मोठं आहे, पण ओढ असलेल्या पाण्यात काहील गरगरते आणि उलटते. लाइफ जॅकेट आणि दोर नसताना पोरांना पाठवू नका. पोहायला येतं आणि पुरात पोहता येतं, यात फार अंतर आहे.

२०१९ ला उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूबाजूला पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. महामार्ग बंद होता, पेट्रोल मोजून मिळत होतं. म्हणून ३९ फुटांची बातमी आली की ज्यांची घरं उंचावर आहेत त्यांनी पिंपं भरून घ्यावीत, रिक्षा-टेम्पोवाल्यांनी टाक्या भराव्यात.

जेवणाचं मंडळांनी वाटून घ्या. एकानं स्वयंपाक, एकानं पाणी, एकानं औषधं, एकानं नंतरची साफसफाई. सगळ्यांनीच मसालेभात केला तर एका केंद्रात तो टाकावा लागतो आणि दुसऱ्या केंद्रात लहान पोराला दूध मिळत नाही. जुने कपडे गोळा करू नका. फाटक्या साड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजलेले आपण पाहिले आहेत. द्यायचेच तर नवे परकर, आतले कपडे, टॉवेल, चादर, आणि सॅनिटरी पॅड. महिन्याच्या किराण्याच्या पिशवीत तांदूळ, ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, मीठ, कांदा-लसूण चटणी, साबण, काडेपेटी. लक्ष्मीपुरीत एकत्र खरेदी केली तर बराच फरक पडतो.

पाणी उतरल्यावर गाळ काढायला लागायच्या आधी भिंतीवरच्या रेघेचे, खराब झालेल्या सामानाचे तारखेसह फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत गाळ काढून झालेला असतो, मग नुकसान दाखवायला काही उरत नाही. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. साफसफाईला गमबूट आणि रबरी हातमोजे पाहिजेतच, पायाला जखम असेल त्यानं गाळात उतरू नये. घाण पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. पुरानंतर ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाणी उकळून प्या. जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या सपाट चमच्यानं मोजून.

फोटो नाही

हा नियम भिंतीवर लिहा. पिशवी देताना फोटो नाही, पिशवीवर कुणाचं नाव नाही, नेत्याचा चेहरा नाही. नेत्याची मदत घ्यायला हरकत नाही, पण पैसे खात्यात आणि आभार जमा-खर्चाच्या कागदावर. पिशवी साध्या कापडाची, आपण बाजारातून आणतो तसलीच, दिवेलागणीला एका माणसानं नेऊन द्यायची आणि दारातच उभं न राहता आत बसून चहा घ्यायचा. दहावीतली पोरगी घरात असते. आपल्या आईनं हात पुढं केलेला फोटो उद्या वर्गातल्या कुणाच्या मोबाइलवर दिसेल, ही भीती तिच्या मनात असता कामा नये.

आपल्या आवाक्याबाहेरचं

मारहाण, लहान मुलांवरचा अत्याचार, जीव द्यायचं बोलणारं माणूस, ही प्रकरणं कट्ट्यावर मिटवायला बसू नका. चार वडीलधाऱ्यांनी “समजुतीनं घ्या” म्हणून परत पाठवलेली बाई पुढच्या वेळी येत नाही. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, रुग्णवाहिकेला १०८. फोन लावून देऊन निघून जाऊ नका. ती म्हणेल तर तिच्यासोबत ठाण्यात, दवाखान्यात कुणीतरी बाई जाईल अशी सोय ठेवा.

माणसं टिकवायची कशी

प्रत्येक कामाला दोघे. परीक्षा असलेल्या पोराला दोन महिने सुट्टी द्या, लग्नसराईत बायकांची पाळी बदला. एकच माणूस सगळं करतो म्हणून त्याचं कौतुक होत असेल तर सावध व्हा. तो आजारी पडला की कपाटाची किल्ली कुठं आहे हेही कुणाला माहीत नसतं. समितीतले एक तृतीयांश लोक दरवर्षी बदला, आणि बदल एप्रिलमध्ये करा, म्हणजे नव्या माणसांना पावसाच्या आधी महिना-दीड महिना मिळतो. त्या बैठकीत जुन्या माणसांनी तिन्ही वह्या, घरांची, हिशेबाची आणि वस्तूंची, नव्यांसमोर पानपान उलटून वाचायच्या. नंतर नव्या-जुन्यांनी मिळून घरोघरी एक फेरी मारायची. कोण गेलं, कोण नवं राहायला आलं, कुणाची सून बाळंत व्हायची आहे, वरच्या खोलीतले भाडेकरू बदलले का, हे तिथंच उभं राहून वहीत दुरुस्त करायचं आणि खाली दोघांच्या सह्या घ्यायच्या.